गवयाच्या हातावरचा मांडा

सर, न पाहिलेली गोष्ट माणसाला इतकी नीट कशी आठवते? कित्येक दिवस मी हा प्रश्न घेऊन हिंडते आहे आणि मला उत्तर येत नाही, हे आधीच सांगून टाकते. तुमच्या गाण्याच्या वर्गात तसाच नियम होता. येत नसेल तर मान खाली घालायची नाही, पेटीकडे बघत बसायचं नाही, सरळ 'येत नाही' म्हणायचं. म्हणून म्हणते. तुम्ही सांगायचात ते व्यंगचित्र मला सापडलं आहे. आणि त्यात मांडा नाही.

पण मी फार पुढे आले. तुमच्या पुढच्या खोलीपासून सुरुवात करायला हवी. रविवारी सकाळी मी धरणगावहून पॅसेंजरने जळगावला यायची. स्टेशनपासून तुमच्या घरापर्यंत चालत. बाकीच्या मुली मोटारीतून उतरायच्या, त्यांच्या केसांना शॅम्पूचा वास यायचा, माझ्या ओढणीला चुलीचा. तो वास मला तेव्हा कळायचा नाही, कारण तो आमच्या घरभर होता. आई लग्नसराईत आणि अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, मांडे करायला जाते, इतर दिवशी घरीच ऑर्डर घेते. वडील कापसाच्या जिनिंग मिलमध्ये होते. आमच्याकडे कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं आणि कोणी पेटीला हात लावला नव्हता, त्यामुळे मला दोन्ही गोष्टी एकाच वेळी आणि एकाच जिद्दीने करायच्या होत्या. तुमच्या खोलीत सतरंजी असायची, भिंतीला टेकलेले दोन तंबोरे, आणि खिडकीत काकूंचं तुळशीचं रोप. वर्ग सुरू व्हायचा तो 'सा'ने. तुम्ही पेटीवर सूर धरायचात, आम्ही तो लावायचो, आणि तुमचे डोळे मिटायचे. 'धरा... धरा... अजून धरा...' आमच्या छात्या फुटायला यायच्या. मग तुम्ही हाताने काहीतरी सोडून दिल्यासारखं करायचात आणि म्हणायचात, 'टाक!' की आम्ही श्वास टाकायचो. आम्हाला वाटायचं, गाण्यातला हा काहीतरी जुना शब्द असेल. कुठल्याच पुस्तकात तो मला पुढे सापडला नाही, पण तेव्हा शंका घ्यायचं सुचलं नाही.

मला गाताना हात हलवायची सवय होती. सूर लांबला की माझे दोन्ही हात आपोआप कोपरापासून वर यायचे आणि बाजूला जायचे. मी ती कोणाकडून उचलली हे आता वेगळं सांगायला नको. आईच्या समोर बसून अभ्यास केलेला, तिचे हात बघत पाढे पाठ केलेले. सैल कणकेचा गोळा, आत पुरण, आणि मग तो या हातावरून त्या हातावर, मनगटावरून कोपरापर्यंत, गोल गोल फिरत मोठा होत जातो, पदरासारखा लोंबायला लागतो, फाटतो की काय असं वाटतं आणि फाटत नाही. मग एका झटक्यात चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर. तुम्हाला काय सांगायचं, असं आता वाटतं. तेव्हा वाटायचं, सरांना हे कुठून माहीत असणार.

तो गुरुपौर्णिमेचा रविवार होता. त्या दिवशी आई पहिल्यांदा माझ्याबरोबर आली होती. पहाटे उठून तिने मांडे केले होते, पांढऱ्या फडक्यात बांधून पितळी डब्यात ठेवले होते, आणि तुमच्या जिन्यापर्यंत येऊन ती थांबली. 'तू व्हय पुढे. गाणं चालू व्हवू दे, मंग मी येस,' म्हणाली. आपण मधे गेलो तर गाणं मोडेल, असं तिला वाटलं असावं. मी आत येऊन बसले. आई दाराबाहेर ऐकते आहे म्हणून मी जरा जास्तच लांबवलं आणि हात वर आले.

तुम्ही पेटी थांबवलीत. 'हात खाली,' म्हणालात. 'गळ्यातून येतंय की हातातून? मांडे करायचेत का?' मग तुम्हाला ते चित्र आठवलं. तसं ते तुम्हाला वर्षातून दोन-तीनदा आठवायचंच. 'जुन्या दिवाळी अंकात एक चित्र होतं,' तुम्ही सांगायला लागलात. मोठे गवई गातायत. डोळे मिटलेले, दोन्ही हात असे पसरलेले. तबलजीने एवढी मोठी जांभई दिली आहे. पहिल्या रांगेत एक गृहस्थ घड्याळाला किल्ली देतायत. आणि एक मांडेवाली बाई पुढे होऊन बुवांच्या हातांवर आपला अर्धा ओढलेला मांडा टाकते आणि म्हणते, 'बुवा, हात तसेच राहू द्या!' तुम्ही स्वतःच हसून हसून डोळे पुसलेत. सगळ्या हसल्या. एकजण माझ्याकडे वळून म्हणाली, 'तुझी आई मांडेच करते ना गं?' आणि ते हसू पुन्हा एकदा खोलीभर फिरलं.

वर्ग सुटल्यावर मी दाराबाहेर आले तर वरच्या पायरीवर फक्त डबा होता. तो मी आत काकूंच्या हातात दिला आणि निघाले. आई मला स्टेशनवर भेटली, बाकावर, मांडीवर हात ठेवून. गाडीने पाळधी सोडल्यावर खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, 'मना हात कामना शेत. हासाकरता नहीत.' कामाचे हात आहेत, हसायला नाहीत, एवढंच.

तुम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. पुढच्या रविवारी तुम्ही डबा घासूनपुसून परत दिलात, आणि रिकामा द्यायचा नाही म्हणून त्यात केळ्याचे वेफर भरून. म्हणालात, 'आईला सांग, मांडा कुठेही जाड नव्हता. कडेलासुद्धा.' मी घरी जाऊन सांगितलं. आई 'बरं' म्हणाली. गाणं सोड असं ती कधीही म्हणाली नाही, हे मुद्दाम लिहिते. तिकिटाला पैसे द्यायची, परीक्षा असली की साडी इस्त्री करून ठेवायची. पण मी जिथे गायले तिथे ती आली नाही. शाळेच्या कार्यक्रमाला नाही, कॉलेजच्या नाही, मला पहिलं बक्षीस मिळालं तेव्हाही नाही. 'तुमना गाणामा मना काय काम?' हे तिचं ठरलेलं उत्तर. आणि मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना तुम्ही गेलात, त्यामुळे तुमच्याकडून काही मिटायचं तेही राहिलं.

आता मी धुळ्याला एका शाळेत संगीत शिकवते. पदवी घेतली, पुढचंही शिकले, आणि पहिल्या पगाराच्या आधीच माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली होती, की तुमच्या आठवणीसाठी आपल्या गावात एक बैठक करायची. जळगावात नाही, धुळ्यात नाही, धरणगावात. ज्यांनी आयुष्यात तंबोरा जवळून पाहिला नाही अशा माणसांनी येऊन बसावं, त्यांना बोलावणं धाडलेलं असावं, आणि पहिल्या रांगेत आई असावी. मला असल्या गोष्टी फार मनापासून वाटतात, तुम्ही त्याला हसायचात, पण चांगलं हसायचात. आखाजीच्या आसपासचा दिवस धरला. आईला सांगितलं तर ती पीठ चाळता चाळता म्हणाली, 'कर. आंगन झाडी दिसू. मी मधमा बससू, स्वयंपाकघरमा.' अंगण झाडून देईल, पण बसेल आतच.

'माय, तूच नही तं मी कोनकरता गाऊ?'

'तुना सरकरता गा. त्यास्ले मांडेवालीनं हासू ये ना.'

सरांना मांडेवालीचं हसू यायचं, हे इतक्या वर्षांनी. अगदी शांतपणे म्हणाली, चाळणी न थांबवता. मी तेव्हाच ठरवलं की ते चित्र शोधायचं. मला खात्री होती की तुम्ही तिला हसला नव्हता. पण खात्री आईला दाखवता येत नाही, चित्र दाखवता येतं. बुवांची फजिती आहे की त्या बाईची, हे एकदा डोळ्यांनी बघू, असं मनात धरलं. आणि खरं सांगायचं तर भीतीही होती. चित्रात ती बाई वेंधळी, तोंड वासलेली, गाण्यात अडाण्यासारखी घुसलेली काढली असली, तर? तर तुम्ही तिलाच हसत होता, असं होईल. मग बैठक कोणाच्या आठवणीसाठी करायची?

शोध मी तुमच्या सगळ्या विद्यार्थिनी करतील तसाच सुरू केला, म्हणजे फोनवर. गवई, मांडे, व्यंगचित्र असे शब्द टाकले तर पुरणाचे मांडे करायचे व्हिडिओच व्हिडिओ आले. जुन्या अंकांच्या शौकिनांचे गट असतात, त्यांत विचारलं. एकाने सुप्रभातचं फूल पाठवलं. दुसऱ्याने लिहिलं, 'चित्राची कल्पना नाही, पण मांडे घरपोच कुठे मिळतील?' त्याला मी आईचा नंबर दिला, त्याची ऑर्डर आली, चित्र आलं नाही. जळगावच्या रद्दीवाल्यांकडे दोन शनिवार घालवले. मग लक्षात आलं की तुम्ही तरुणपणी धुळ्याला शिकायला होतात आणि तिथल्या एका वाचनालयात पडीक असायचात. मी राहते तिथून ते पांझरा नदीच्या अंगाला चालत जाण्याइतकं जवळ. रोज त्यावरून शाळेत जात होते.

तिथले ग्रंथपाल निवृत्तीला आलेले आहेत, सगळे त्यांना नाना म्हणतात. मी नानांना सांगितलं, एक व्यंगचित्र शोधायचं आहे.

'वर्ष?'

'माहीत नाही. जुनं आहे.'

'अंकाचं नाव?'

'दिवाळी अंक. नाव नाही माहीत.'

'चित्रकार?'

मी मान हलवली.

'मग ताई, तुम्हाला माहीत काय आहे?'

'गवयाच्या हातावर मांडा आहे.'

नाना चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. 'बसा,' म्हणाले. 'मागच्या खोलीत सगळे जुने अंक आहेत. धूळ झटकायला फडकं घेऊन जा. आणि मांडा सापडला तर अर्धा मला.'

शाळा सुटली की मी तिथे. पानं पिवळी पडलेली, कडा बोटाला लागताच तुटायच्या, त्यामुळे उलटताना श्वाससुद्धा बेतानेच घ्यावा लागे. मला त्या खोलीत फार बरं वाटायचं, सर. तेलाच्या आणि साबणाच्या जाहिराती, संपादकांच्या क्षमायाचना, मधेच कोणीतरी पेन्सिलीने 'वा!' लिहिलेलं. गाण्यावरची चित्रं पुष्कळ निघाली. गवयांची पोटं, गवयांच्या शेंड्या, शेजारी गाणं शिकणाऱ्या मुलीला कंटाळून घर सोडणारी बिऱ्हाडं. मी खापर शोधत होते, चूल शोधत होते, कणीक शोधत होते. कुठेही नव्हती. शेवटचा गठ्ठा संपला आणि मी फडकं नानांना परत केलं. ते म्हणाले, 'राहू द्या, पुन्हा लागेल.' मला ते उगीच दिलासा देण्यासारखं वाटलं.

मग मी जळगावला तुमच्या घरी, काकूंकडे गेले. बैठकीचं आमंत्रण द्यायचंच होतं. काकूंच्या खिडकीत अजून तुळस आहे, तंबोरे आता एका विद्यार्थिनीकडे असतात. मी त्यांना सगळं सांगितलं, पायरीवरच्या डब्यासकट. त्यांना आधी हसू आलं आणि मग डोळ्यांत पाणी, अशा क्रमाने.

'चित्र मी काही पाहिलेलं नाही,' त्या म्हणाल्या. 'पण मांडेवाली म्हणजे कोण, ते मला विचार. आमच्या सासूबाई. लोकांच्या लग्नात मांडे करायला जायच्या त्या. बेटावदपासून पार पिंपळनेरपर्यंत बोलावणी यायची. हे लहान असताना आईबरोबर जायचे, दुसरं कोण सांभाळणार? चुलीपुढे बसवायच्या आणि म्हणायच्या, गा. आणि त्यांचा एक खेळ होता. आईने मांडा हातावर घेतला की यांनी सूर लावायचा. ती फिरवते आहे तोवर सोडायचा नाही. मांडा खापरावर पडला की श्वास. यांचा दम संपायला आला की हे हाताने खुणावायचे, टाक, टाक म्हणून. आणि त्या काय करायच्या माहीत आहे? हसायच्या आणि आणखी एक फेरा द्यायच्या.'

तुमच्या वर्गातलं 'टाक' माझ्या कानात होतं.

'मग हे त्यांनी आम्हाला का नाही सांगितलं?' मी विचारलं.

'मलाच लग्नानंतर किती वर्षांनी सांगितलं,' काकू म्हणाल्या. 'लाज नव्हती गं. पण आईचं नाव काढलं की त्यांचा गळा भरून यायचा, आणि गळा भरला की गाता येत नाही. मग ते त्या वाटेला जायचेच नाहीत. विनोद सांगायचे.'

परतीच्या एसटीत एरंडोल गेलं आणि मला एकदम वाटलं, मांडा चित्रातला नसेलच तर? तो तुमच्याच हातून तिथे पडला असेल तर? मी इतके दिवस खापर शोधत होते. जांभई देणारा तबलजी शोधलाच नव्हता. घड्याळाला किल्ली देणारा माणूस शोधलाच नव्हता. आणि पारोळ्याच्या स्टँडवर गाडी उभी असताना मला तो आठवला. मी त्याला पाहिलं होतं. ते पान मी उलटलं होतं, मांडा नाही म्हणून पुढे गेले होते.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात शिरले तर नाना म्हणाले, 'आल्या मांडेवाल्या ताई!' आणि टेबलाखालून फडकं काढून पुढे केलं. तो शब्द त्या क्षणी मला इतका आवडला की मी म्हटलं, 'नाना, पुन्हा म्हणा.' ते बिचारे गोंधळले.

सापडलं. अर्ध्या पानाचं, बारीक रेघांचं चित्र. बुवा गातायत, डोळे मिटलेले, दोन्ही हात पसरलेले. तबलजीची जांभई तुम्ही सांगायचात त्याहूनही मोठी. पहिल्या रांगेत घड्याळाला किल्ली देणारे गृहस्थ, त्यांची एक भुवई वर. आणि त्यांच्या शेजारून उठून पुढे झालेली, अंबाड्यात फूल माळलेली, सोन्याच्या काड्यांचा चष्मा घातलेली शहरातली एक बाई. तिने बुवांच्या दोन हातांवर लोकरीची लड अडकवली आहे आणि ती समोर उभी राहून निवांत गुंडा गुंडाळते आहे. खाली लिहिलं आहे, 'बुवा, हात तसेच राहू द्या!' चित्रकाराची सही आहे, पण ती मला किंवा नानांना लागली नाही.

बुवांची फजिती आहे, कारण त्यांना कळलेलंच नाही. बाईचीही आहे, कारण ती गाणं ऐकायला आलेलीच नाही. चुलीचा, खापराचा, आमच्याकडच्या कोणाचा तिथे संबंध नाही. तुम्ही हे चित्र तरुणपणी, याच खोलीत कुठेतरी बसून पाहिलं असणार. सूर लांबवताना पसरलेले दोन हात. त्या दोन हातांवर तुम्हाला लोकर दिसेना. पुढे आयुष्यभर तुम्ही ते सांगत राहिलात आणि दर वेळी तो मांडाच होता, जांभई आणि घड्याळ आणि खालचं वाक्य जसंच्या तसं ठेवून. म्हणून तो सुरुवातीचा प्रश्न. तुम्ही जाणूनबुजून बदललंत की तुम्हाला खरंच तसं आठवत होतं, हे मला कधी कळणार नाही. पण डोळे पुसायचात ते कशाने, हे मला आता थोडं कळतं.

नानांनी प्रत काढून दिली. अर्धा मांडा मागितला होता, तर म्हणाले, 'यात तर लोकर निघाली. लोकर नको, बाई.' मी आखाजीचं आमंत्रण दिलं.

शनिवारी घरी आले तेव्हा आई ओट्यावर बसून पीठ फडक्यातून गाळत होती. मी कागद तिच्यापुढे धरला. तिने हात पदराला पुसले, कागद लांब धरला, जवळ धरला.

'आठे मांडा कोठे शे?'

'नही शे.'

'मंग हाई काय शे?'

'लोकर शे, माय. स्वेटरनी लोकर.'

तिने पुन्हा पाहिलं. 'हाऊ बाबा गाई राहिना का लोकर धरी राहिना?'

'दोन्ही.'

'आनि त्याले समजनंच नही?' आणि आई हसायला लागली. आधी तोंड दाबून, मग उघड. 'दख ना, कसा डोया मिटीसन बसेल शे! आनि तो दख, घड्याळवाला!' मीही हसले. तिला हसताना पाहून वडील बाहेर आले, काय झालं म्हणून, आणि कागद उलटा धरून त्यांनीही पाहिला. मग ते आत गेले आणि मी आईला तुमच्या आईचं सांगितलं. पिंपळनेरची लग्नं, चुलीपुढे बसलेला मुलगा, धरलेला सूर, आणखी एक फेरा. आईचं हसू हळूहळू उतरलं. तिने पिठात बोटांनी रेघा ओढल्या.

'मंग त्यास्नी माले काबर नही सांगं?' ती म्हणाली. 'मी पायरीवरच तं व्हती. वर बलावतात. माय करे, अशी सांगतात. मी त्यास्ले ताजा करी देती.'

तुम्ही वर बोलावून 'माझी आईही हेच करायची' एवढं म्हणायला हवं होतं, असं तिचं म्हणणं. तिने फडकं झटकलं.

'येसू मी,' ती म्हणाली. 'पन खुर्चीवर बसाव नही. आखाजीनी ऑर्डर शे मनी. बठ्ठं सोडीसन गाणं ऐकत बसू का?'

सर, मी त्या दिवसासाठी मंडपवाल्याला एक लहान स्टेज सांगितलं होतं, मागे पडदा, पुढे खुर्च्या, आणि पहिल्या रांगेतली मधली खुर्ची आईची. कितीतरी महिने मी मनात ती खुर्ची मांडून ठेवली होती. मी मंडपवाल्याला फोन केला आणि स्टेज नको म्हणून सांगितलं. पडदाही नको. फक्त सतरंज्या दे. बैठकीच्या दिवशी त्या मागच्या अंगणात घातल्या, पत्र्याखाली जिथे आईची चूल आहे तिथे. मी चुलीच्या एका बाजूला बसले, माझा तबलजी माझ्या शाळेतलाच सहकारी, तो धुराने डोळे चोळत होता. लोक समोर. काकू जळगावहून आल्या आणि कोणाचं न ऐकता आईजवळ पाटावर जाऊन बसल्या. नाना धुळ्याहून आले, सोबत आणखी दोघांना घेऊन. सकाळची वेळ होती, बिलावल घेतला. एक म्हातारी मधेच उठून पुरणात वेलदोडा कमी आहे असं सांगून गेली. तुम्ही असता तर वैतागला असतात, आणि नंतर तेच वर्षभर सांगितलं असतंत.

सुरुवातीला मी 'सा' लावला तेव्हा आईने गोळा हातावर घेतला. आमचं काही ठरलेलं नव्हतं. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी सूर धरला. मांडा मनगटावर आला, कोपरावर आला, या हातावरून त्या हातावर, उजेडात आतलं पुरण दिसायला लागलं इतका पातळ झाला. माझे हात वर आले होते. खाली घ्यायला कोणी सांगितलं नाही. काकू माझ्या श्वासाकडे बघत होत्या, हे मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत होतं. छाती भरून आली, आता सुटणार असं वाटलं आणि मी न राहवून बोटांनी खुणावलं, टाक. आई हसली आणि तिने आणखी एक फेरा दिला.

माझा श्वास तुटला. मांडा तुटला नाही. तो सावकाश, झोकात खापरावर पडला आणि आई म्हणाली, 'हारनी!' हरलेच होते मी. सगळं अंगण हसलं, काकू सर्वांत जास्त. मग आईने पुढचा गोळा घेतला आणि मी पुन्हा सूर लावला. तिने माझं सबंध गाणं ऐकलं, सर. काम करत ऐकलं. नंतर ताटं वाढताना म्हणाली, 'तुना सरले सांग, पोरले आखो थोडं शिकाडी जावाले पाहिजे व्हतं.'

सांगते म्हटलं, म्हणून लिहायला बसले. पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी हे पाठवलं असतं की नाही, शंका आहे, कारण शेवटची गोष्ट तुम्हाला आवडेल असं नाही. धुळ्याच्या माझ्या वर्गात मीही 'धरा, धरा' म्हणते आणि मग 'टाक' म्हणते. परवा एका मुलीने हात वर करून विचारलं, 'मॅडम, टाक म्हणजे काय टाकायचं?' मला ते कधी सुचलं नव्हतं, तिला पहिल्याच महिन्यात सुचलं. तुम्ही जन्मभर ज्या वाटेला गेला नाहीत, त्या वाटेला जायचं की नाही, तुम्हाला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. पेटी बंद केली, मुलींना जवळ बसवलं, आणि तुमच्या आईचं सगळं सांगून टाकलं.